तीन महिने गोळ्या घेतल्या की एग क्वालिटी सुधारते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३७, लग्नाला सहा वर्षं, एएमएच (अंड्यांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) ०.९. पहिल्या आयव्हीएफमध्ये सात अंडी मिळाली, पाच परिपक्व निघाली, चार फलित झाली. तिसऱ्या दिवशी चारही गर्भ वाढत होते, पाचव्या दिवसापर्यंत एकही टिकला नाही. डॉक्टरांनी ‘एग क्वालिटी खराब आहे’ असं सांगून तीन महिन्यांचा कोर्स लिहून दिला: कोएन्झाइम क्यू-टेन, डीएचईए, मेलॅटोनिन आणि इनोसिटॉल. त्याशिवाय अंडाशयात पीआरपी (स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सचं इंजेक्शन), आणि पुढच्या सायकलला ग्रोथ हार्मोनची इंजेक्शनं. एवढ्या सगळ्यासाठी अंगावरचं सोनं मोडावं लागेल. करावं का?

माझं मत आधीच सांगते, कारणं नंतर. पीआरपी आणि ग्रोथ हार्मोनसाठी सोनं मोडू नका. मोडायचंच झालं तर दुसऱ्या पिकअपसाठी, म्हणजे पुन्हा एकदा अंडी काढण्यासाठी, मोडा, आणि गोळ्यांच्या नावाखाली तीन महिने वाया घालवू नका. तुमच्याकडे पैसा मोजका आहे तसे महिनेही मोजकेच आहेत, आणि सदतिसाव्या वर्षी महिने जास्त महाग.

‘एग क्वालिटी’ हा शब्द आमच्या ओपीडीत दिवसभर फिरतो, पण त्याची रक्ततपासणी नाही, सोनोग्राफीतही ती दिसत नाही. एएमएच आणि अँट्रल फॉलिकल काउंट (सोनोग्राफीत मोजलेल्या अंड्यांच्या लहान पिशव्या) यांवरून अंडाशयात साठा किती उरलाय याचा अंदाज येतो. तो साठा चांगला की वाईट, हे त्यातून कळत नाही. तिशीच्या आतल्या मुलीचं एएमएच ०.९ असेल तर अंडी थोडी मिळतील, पण बहुतेक धडधाकट असतील. बेचाळिसाव्या वर्षी एएमएच ३ असलं तरी मिळालेल्या दहा अंड्यांतली बरीचशी गुणसूत्रांच्या हिशेबात चुकलेली असणार. एएमएच कमी म्हणजे अंडी खराब, ही समजूत इतकी पक्की बसली आहे की रिपोर्ट हातात घेऊन मुली रडत येतात. २०१७ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात, वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या ३० ते ४४ वयाच्या स्त्रियांमध्ये, एएमएच कमी असलेल्यांनाही नैसर्गिकरीत्या दिवस जाण्याचं प्रमाण इतरांपेक्षा कमी आढळलं नाही. तुम्ही सहा वर्षं प्रयत्न करताय, त्यामुळे तो निष्कर्ष तुम्हाला जसाच्या तसा लागू होत नाही. पण ०.९ या आकड्याला दोष देणं सोडा. आणि ती तपासणी कुटुंबनियोजनाच्या गोळ्या चालू असताना केली असेल, तर आकडा तात्पुरता खाली आलेला असू शकतो.

क्वालिटीचा अंदाज येतो तो लॅबमध्ये, आणि तोही अर्धवट. पिकअपनंतर अंडं भोवतालच्या पेशींच्या धूसर ढगात गुरफटलेलं असतं. इक्सी (एकेका अंड्यात सुईने एक शुक्राणू सोडणं) करायचं असेल तर एंझाइमच्या द्रावात घालून, बारीक पिपेटने आतबाहेर करत तो ढग सोडवतात. मग मायक्रोस्कोपखाली स्वच्छ गोल दिसतो, मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा. त्याच्या कवचाच्या आत, कडेला एक छोटासा मणी दिसला की अंडं परिपक्व. त्याला पोलर बॉडी म्हणतात. पोलर बॉडी नाही, आत मोठं केंद्रक दिसतंय, म्हणजे अंडं कच्चं. आतला रस दाणेदार आहे का, पोकळ्या आहेत का, कवच जाड आहे का, हेही एम्ब्रियोलॉजिस्ट पाहून लिहून ठेवतो. पण गुणसूत्रं बरोबर आहेत की नाहीत, हे बघून कळत नाही. काचेसारखं नितळ अंडं आतून चुकलेलं असू शकतं, आणि दिसायला ओबडधोबड अंड्यातून सुदृढ बाळ झालेलं आम्ही सगळ्यांनी पाहिलंय.

आता वयाचा मुद्दा. पुरुषात शुक्राणू रोज नवे तयार होतात. स्त्रीची सगळी अंडी मात्र ती आईच्या पोटात असतानाच तयार होतात. जन्माच्या वेळी दहा-वीस लाख, वयात येताना तीन-चार लाख, आणि आयुष्यभरात प्रत्यक्ष ओव्हुलेशन होतं ते चारेकशे अंड्यांचं. प्रत्येक अंड्याचं विभाजन जन्माआधी सुरू होऊन अर्ध्यावर थांबलेलं असतं, आणि ज्या महिन्यात ते फुटणार त्या महिन्यात, शेवटच्या काही तासांत, पुढे सरकतं. तोवर गुणसूत्रांच्या जोड्या धरून ठेवणारी प्रथिनं जन्माआधी बसवलेलीच असतात, ती नव्याने भरून निघत नाहीत. आजीची पैठणी वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवली की घडीवरच विरते, तसं हे आहे. विभाजनाच्या वेळी जोडी नीट सुटत नाही, एखादं गुणसूत्र जास्त जातं किंवा कमी पडतं. तिसाव्या वर्षी पाचव्या दिवसापर्यंत पोचलेल्या गर्भांपैकी साधारण पावभागात असा दोष सापडतो. सदतिसाव्या वर्षी दहातल्या चारांत, बेचाळिसाव्या वर्षी दहातल्या सात-आठांत. याचा उलट पुरावा डोनर एगमध्ये मिळतो. पंचेचाळीस वर्षांच्या बाईने पंचविशीतल्या डोनरचं अंडं घेतलं, तर यशाचं प्रमाण डोनरच्या वयाप्रमाणे जातं. म्हातारं होतं ते अंडं, गर्भाशय फारसं नाही.

‘तीन महिने’ हा आकडा कुठून आला, तेही सांगते. अंड्याभोवतीचं फॉलिकल वाढीच्या शेवटच्या टप्प्यात शिरल्यापासून ओव्हुलेशनपर्यंत सुमारे ८५ दिवस जातात. त्या काळात चांगलं वातावरण मिळालं तर अंडं चांगलं निपजेल, असा तर्क. तर्क अगदीच पोकळ नाही. विभाजनाला ऊर्जा लागते, ती अंड्यातल्या मायटोकॉन्ड्रियाकडून येते, आणि वयाबरोबर त्यांची ताकद घटते. म्हणून संशोधकांचा डोळा तिथे आहे. पण तर्क पटणं वेगळं आणि बाळ होणं वेगळं.

तुमच्या यादीतली एकेक गोष्ट घेऊ. कोएन्झाइम क्यू-टेनच्या बाजूने त्यातल्या त्यात बरा पुरावा आहे. उंदरांवरचे निकाल छान होते. चीनमध्ये पस्तिशीच्या आतल्या, साठा कमी असलेल्या स्त्रियांना दोन महिने रोज ६०० मिलिग्रॅम देऊन पाहिलं. २०१८ साली आलेल्या त्या निकालात अंडी थोडी जास्त मिळाली आणि फलनही सुधारलं, पण बाळ हातात येण्याच्या प्रमाणात खात्रीलायक फरक सिद्ध झाला नाही. तुमचं वयही त्या गटाच्या पुढचं आहे. घ्यायची तर घ्या, अपाय सहसा नाही. रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू असेल तर मात्र आधी विचारा. पण गोळी चालू असताना पिकअप करा, गोळी संपेपर्यंत पिकअप थांबवू नका.

डीएचईएबद्दल मी जास्त सावध आहे, कारण ते हार्मोन आहे. शरीरात त्याचं टेस्टोस्टेरॉन होतं. न्यूयॉर्कमधल्या काही तज्ज्ञांनी ते रोज ७५ मिलिग्रॅम या डोसात लोकप्रिय केलं, आणि आपल्याकडे ते व्हिटॅमिनच्या गोळीसारखं लिहून दिलं जातं. सुरुवातीच्या अभ्यासांत फायदा दिसला होता. नंतर कोक्रेन या वैद्यकीय अभ्यासांची छाननी करणाऱ्या संस्थेच्या २०१५ सालच्या आढाव्यात कच्चे अभ्यास बाजूला काढले, तेव्हा तो फायदा उरला नाही. युरोपातल्या एश्रे या वंध्यत्व-तज्ज्ञांच्या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं कमी प्रतिसाद देणाऱ्या स्त्रियांसाठी त्याची शिफारस करत नाहीत. चेहऱ्यावर पिंपल्स, तेलकट त्वचा, केस गळणं हे मी अनेकींमध्ये पाहिलंय. पीसीओएस (पाळी अनियमित करणारा हार्मोनचा बिघाड) असेल तर ते मुळीच नको.

मेलॅटोनिन झोपेची गोळी म्हणून ठीक, अंड्यासाठी पुरावा तोकडा. इनोसिटॉल पीसीओएसमध्ये दिलं जातं, तिथेही पुरावा मर्यादितच, आणि पीसीओएसमध्ये एएमएच सहसा जास्त असतं, ते ०.९ असताना त्याचा प्रश्न येतोच कुठे? ही गोळी तुमच्या यादीत आली ती बहुधा तयार पाकिटात सगळं एकत्र येतं म्हणून.

ग्रोथ हार्मोन महाग आहे, आणि पुरावा त्या किमतीच्या जवळपासही जात नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये झालेल्या चाचणीत १३० स्त्रिया होत्या. ठरवलेली संख्या गाठण्याआधीच ती थांबली, आणि २०१९ साली आलेल्या निकालात बाळ होण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही.

पीआरपीवर थोडं सविस्तर, कारण सध्या सगळ्यात जास्त चौकशी त्याचीच असते. तुमचंच रक्त काढून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात, प्लेटलेट्सचा दाट भाग वेगळा करतात आणि पिकअपसारख्याच सुईने तो अंडाशयात सोडतात. दावा असा की त्याने झोपलेली अंडी जागी होतात. ‘आपलंच रक्त, त्यात काय धोका’ असं सांगितलं जातं. पण सुई अंडाशयात जाते, म्हणजे रक्तस्राव आणि संसर्गाचा धोका आलाच, आणि एंडोमेट्रिओसिसची चॉकलेट सिस्ट (अंडाशयातली जुन्या रक्ताची गाठ) असेल तर तो वाढतो. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले, एका गटाला पीआरपी दिलं, दुसऱ्याला नाही. परिपक्व अंड्यांच्या संख्येत फरक पडला नाही.

मग ज्या बायका सांगतात की ‘पीआरपीनंतर माझी अंडी दोनाची पाच झाली’, त्या खोटं बोलतात का? नाही, त्या खरंच बोलतात. कमी साठा असलेल्या बाईच्या अंडाशयात दर महिन्याला तितकीच फॉलिकल्स दिसत नाहीत. एका महिन्यात दोन, पुढच्यात पाच, तिसऱ्यात तीन. उपाय करायला लोक जातात ते वाईट महिन्यानंतर. दोन दिसल्यावर काहीही केलं, अगदी काहीच न करता वाट पाहिली, तरी पुढच्या महिन्यात तीन-चार दिसण्याची शक्यता बरीच असते. श्रेय मात्र मधल्या सुईला जातं. तुलनेचा गट नसलेला प्रत्येक अभ्यास या एका गोष्टीमुळे चमकदार दिसतो. आमच्या व्यवसायातले कितीतरी ‘चमत्कार’ असेच जन्मले आहेत.

काहीजणी फलघृत आणि शतावरीबद्दल विचारतात. माझा त्यांना विरोध नाही, पण आयव्हीएफच्या यशावर त्यांचा परिणाम दाखवणाऱ्या भक्कम चाचण्या मला माहीत नाहीत, म्हणून मी शिफारसही करत नाही. घेत असाल तर सांगा, लपवू नका. भस्म असलेली औषधं मात्र गर्भधारणेच्या प्रयत्नात नकोत, काही भस्मांत शिसं-पारा सापडतो. आणि केस-नखांसाठी बायोटिन चालू असेल तर रक्ततपासणीआधी दोन-तीन दिवस बंद ठेवा. त्याने टीएसएचसारखे (थायरॉइडचे) रिपोर्ट खोटे येतात.

आता ज्या गोष्टीकडे तुमच्या फाइलमध्ये कुणी पाहिलेलं दिसत नाही, तिकडे वळू. तुमचे चार गर्भ तिसऱ्या दिवसापर्यंत नीट वाढले आणि नंतर थांबले. पहिले दोन-तीन दिवस गर्भ चालतो तो मुख्यतः अंड्यातल्या शिदोरीवर. चार ते आठ पेशींच्या टप्प्यात त्याचे स्वतःचे जनुक कामाला लागतात, आणि तेव्हापासून वडिलांकडून आलेला वाटाही मोजला जातो. म्हणजे तुमच्या बाबतीत दोष अंड्याचाच, असं छातीठोक म्हणता येत नाही. तरी तुम्ही पाठवलेल्या कागदांत नवऱ्याचा वीर्यतपासणीचा एकच रिपोर्ट आहे, तोही तीन वर्षांपूर्वीचा. तो नव्याने करा, आणि गर्भ असे थांबले असतील तर शुक्राणूंच्या डीएनए फ्रॅगमेंटेशनची (आतला डीएनए किती तुटलाय याची) तपासणी विचारायला हरकत नाही. तीन महिन्यांचा हिशेब खरा लागू पडतो तो नवऱ्याला. शुक्राणू मुळापासून नवे तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. तंबाखू, गुटखा, सिगारेट, जास्त दारू, अनियंत्रित साखर, हे सुधारलं तर अडीच महिन्यांनी येणारं वीर्य खरोखर नवं असतं. पुरुषांसाठीच्या अँटिऑक्सिडंटच्या पाकिटांचं मात्र तेच: अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत त्यांचा उपयोग दिसला नाही. सवय सोडा, पाकीट घेऊ नका. ‘माझ्यात काही दोष नाही’ म्हणणारे नवरे रोज भेटतात. डॉक्टर म्हणून मला त्यांच्या बोलण्यात रस नाही, रिपोर्टात आहे.

तुमच्या बाजूनेही अशा काही गोष्टी आहेत. त्या अंड्याला तरुण करत नाहीत, पण आणखी बिघडूही देत नाहीत. तंबाखू पहिली. आपल्याकडे बायका सिगारेट ओढत नाहीत म्हणून डॉक्टर विचारतच नाहीत, आणि सकाळी मिशरी लावणाऱ्या बाईला ते व्यसन वाटतच नाही. दात घासायची सवय म्हणून ती सांगायचीही राहून जाते. धूम्रपानाने पाळी जाण्याचं वय अलीकडे येतं हे पक्कं ठाऊक आहे, आणि मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. घरी लावत असाल तर आज बंद करा. थायरॉइड आणि साखर तपासा. वजन जास्त असेल तर थोडं कमी करा, पण सदतिसाव्या वर्षी वीस किलो उतरेपर्यंत उपचार थांबवण्यात शहाणपण नाही. ड जीवनसत्त्व कमी असेल तर भरून काढा, हाडांसाठी आणि बाळासाठी. त्याने आयव्हीएफ यशस्वी होतं अशा आशेवर नको. इटलीतल्या मोठ्या चाचणीत तसं दिसलेलं नाही. फॉलिक अ‍ॅसिड मात्र चालूच ठेवा. ते अंड्यासाठी नाही, बाळाच्या मज्जारज्जूसाठी आहे, स्वस्त आहे आणि पुरावा पक्का आहे. आणि कुणी चॉकलेट सिस्टचं ऑपरेशन सुचवलं तर सही करण्याआधी दुसरं मत घ्या, सिस्ट सोलताना अंडाशयातली चांगली अंडीही जातात.

पुढच्या सायकलबद्दल. आधी क्लिनिककडून एम्ब्रियोलॉजीचा कागद मागा. तुमचा तो हक्क आहे. त्यात किती अंडी, किती परिपक्व, दुसऱ्या दिवशी सकाळी दोन केंद्रकं (फलन झाल्याची खूण) किती अंड्यांत दिसली, कोणत्या दिवशी किती पेशी, हे सगळं लिहिलेलं असतं. सातातली दोन कच्ची निघाली, हे प्रमाण नेहमीचंच. अर्ध्याहून जास्त कच्ची निघाली असती तर मी ट्रिगरचं (अंडी शेवटी पिकवणारं) इंजेक्शन, त्याची वेळ आणि पिकअपपर्यंतचे पस्तीस-छत्तीस तास तपासले असते. ‘क्वालिटी’च्या नावावर खपणाऱ्या किती तरी गोष्टी या घड्याळाच्या असतात.

इंजेक्शनांचा डोस वाढवून अंडी सुधारत नाहीत. नेदरलँड्समध्ये कमी साठा असलेल्या स्त्रियांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात डोस वाढवून बाळ होण्याचं प्रमाण वाढलं नाही, खर्च वाढला. उपयोग होतो तो अंड्यांच्या एकूण संख्येचा, म्हणजे जास्त पिकअपचा. सदतिसाव्या वर्षी पाचव्या दिवसाच्या दहा गर्भांतले सहा बरोबर असतात. तुमच्यापुढचा प्रश्न हा की पाचव्या दिवसापर्यंत पोचणारा एक तरी मिळवायचा कसा. पाच परिपक्व अंड्यांतून तो पहिल्या वेळी मिळाला नाही, पण ही संख्या इतकी लहान आहे की त्यावरून पुढचं भाकीत करता येत नाही. एका पाळीच्या चक्रात दोनदा पिकअप करण्याची पद्धतही आहे, आणि दुसऱ्या खेपेची अंडी पहिल्याइतकीच चांगली असतात असं इटलीतल्या अभ्यासांत दिसलंय. पैशाची सोय बघून एकदाच किंवा दोनदा, ते तुमच्या डॉक्टरांशी बोला. एवढे थोडे गर्भ असताना तिसऱ्या दिवशीच ट्रान्सफर करावा का, म्हणजे गर्भ गर्भाशयात सोडावा का, हेही विचारा. गर्भांची पीजीटी (गुणसूत्रांची) तपासणी सुचवली तर लक्षात ठेवा की ती गर्भ सुधारत नाही, फक्त निवड करते. निवडायला दोन-चार तरी असावेत. (त्या तपासणीत मुलगा की मुलगी हे सांगणं कायद्याने गुन्हा आहे. सासरहून कुणी विचारायला लावलं तर हे सांगा.)

दुसऱ्या पिकअपनंतरही तेच झालं, आणि नवऱ्याच्या बाजूने काही सापडलं नाही, तर मी डोनर एगचा विषय काढेन. आयव्हीएफसारख्या उपचारांसाठीच्या २०२१ च्या कायद्यानुसार डोनर २३ ते ३५ वयाची असते, नोंदणी झालेल्या बँकेतूनच येते, आयुष्यात एकदाच अंडी देऊ शकते आणि तिच्याकडून सातपेक्षा जास्त अंडी घेता येत नाहीत. तिची ओळख तुम्हाला कळत नाही. नात्यातली बहीण-वहिनी देते म्हणाली तरी हल्ली ते तसं सरळ होत नाही. उपचार घेणाऱ्या स्त्रीचं वय पन्नासच्या आत लागतं, त्यामुळे या निर्णयाची घाई नाही. घाई आहे ती स्वतःच्या अंड्यांची. म्हणून क्रम असा ठेवा: या पाळीत नवऱ्याच्या तपासण्या आणि एम्ब्रियोलॉजीचा कागद, पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या पाळीत पिकअप. डोनरचं त्यानंतर बोलू, आणि बोलायला येताना दोघंही या.